थांबलेले यंत्र खरोखरच थांबलेले असते का?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोकभट्टी विभागाच्या वायुवाहिनीला आग लागली आणि दहाहून अधिक कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या वेळी वाहिनीवर नियोजित देखभालीचे काम चालू होते. माझ्या मते या दुर्घटनेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. यंत्रांपासूनचा धोका आपण त्यांच्या गतीत शोधतो. तो पुष्कळदा त्यांच्या थांबण्यात दडलेला असतो.

गतीचा धोका निदान डोळ्यांना दिसतो. कच्चे लोखंड वाहणारा पट्टा सेकंदाला दोन मीटर वेगाने सरकत असेल आणि माणसाला सावध होऊन हात मागे घेण्यास पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात पट्टा अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. पट्टा आणि रोलर यांच्या फटीत सापडलेली बाही सोडवण्यास एवढा अवधी पुरत नाही. म्हणूनच तेथे जाळीचे कुंपण हवे, सैल कपडे नकोत, हे नियम झाले. ते आवश्यकच आहेत.

परंतु तोच पट्टा बंद केला की काय होते? मोटार थांबते, पट्ट्यातील ताण मात्र तसाच राहतो, कारण तो ताणून धरणारे वजन लटकलेलेच असते. चढावरचा भरलेला पट्टा गुरुत्वाकर्षणाने उलटा घसरू शकतो. जड चाक बटण दाबल्यावरही बराच वेळ फिरत राहते. हायड्रॉलिक नळ्यांत दाब कोंडलेला असतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी साठलेल्या ऊर्जेची ही सगळी सूत्रे परीक्षेत बिनचूक लिहितो. त्या ऊर्जेच्या शेजारी उभे कसे राहावे, हे त्याला क्वचितच शिकवले जाते.

पट्ट्याच्या कडेने आणीबाणीची दोरी असते. ती ओढली की पट्टा थांबतो, आणि अनेकजण तेवढ्यावर विश्वासून आत हात घालतात. ही दोरी केवळ नियंत्रण-मंडल तोडते; मोटारीचा वीजपुरवठा मुख्य स्विचपर्यंत जिवंतच असतो. खरी सुरक्षा त्या स्विचला लावलेल्या कुलुपात आहे. प्रत्येक कामगाराचे स्वतंत्र कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात, म्हणजे तो बाहेर आल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ शकत नाही. अमेरिकेने यासाठी 1989 मध्ये स्वतंत्र नियमावली केली. आपल्याकडेही कल्पना नवी नाही: चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकणारे साधन कुलूपबंद करण्याची सोय हवी, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 24 सांगत होते.

वायूचेही गणित हेच. कोकभट्टीच्या वायूत हायड्रोजन आणि मिथेन यांचेच प्रमाण मोठे. वाहिनी शांत दिसली तरी आतली ऊर्जा पेटण्यास ठिणगीचीच वाट पाहते. त्याआधी, 12 जून 2014 रोजी, याच कारखान्यात पंपगृहातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घसरला, झोतभट्टीचा वायू पाण्याच्या नळातून उलटा पंपगृहात शिरला आणि सहाजण दगावले. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनशी त्याची बांधिलकी प्राणवायूहून दोनशे पटींनी अधिक. तेथे तर पंपाचे थांबणे हाच अपघाताचा आरंभ होता.

अशा घटनांनंतर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. मला तो अन्यायकारक वाटतो. ज्या व्यवस्थेत एका माणसाची क्षणिक विस्मृती दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, तेथे दोष विस्मृतीचा कमी आणि रचनेचा अधिक. दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, फलक लागतात, शपथा होतात. घोषवाक्यांची स्पर्धाही होते, बक्षिसासह! त्या खर्चात किती कुलुपे येतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

महाराष्ट्रातून धावणाऱ्या आगगाड्यांखालचे कितीतरी रूळ भिलाईत लाटले गेले आहेत. तसल्या कारखान्यांत उद्या आयटीआय आणि पदविका अभ्यासक्रमांतूनच मुले जाणार. त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा असावा, असे मला वाटते: यंत्र बंद करा, कुलूप लावा, साठलेला दाब आणि ताण मोकळा करा आणि मग, हात घालण्यापूर्वी, चालू करण्याचे बटण स्वतः दाबून पाहा. यंत्र हलले, तर विद्यार्थी नापास.