सांडू द्यावं, पण किती?

दीड-दोन वर्षांचं लेकरू वरण-भाताची वाटी फरशीवर उलटी करतं, तेव्हा घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'खेळू द्या, शिकेल.' दुसरा म्हणतो, 'अन्न फेकू नये बाप्पा, भरवा त्याले.' अमरावती-अकोल्याकडच्या घरांत हा दुसरा पक्ष बहुधा आजीचा असतो. त्याला जुनाट म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं होईल.

अन्नाचा मान हे त्यामागचं एक कारण. दुसरं पाणी. नळ दिवसाआड आला तरी चैन वाटावी, असे उन्हाळे अकोल्याने पाहिले आहेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असलं तरी ते खारं. अशा गावात प्रत्येक जेवणानंतर लेकरू धुवायचं, कपडे धुवायचे, फरशी पुसायची, आणि त्यासाठी हंडा कोणीतरी वाहून आणलेला असतो. शिवाय निंदणाला किंवा कापूस वेचायला निघालेल्या आईला पाऊण तास वाटीसमोर बसणं परवडत नाही. ती भराभर घास भरवते, कारण लेकरू उपाशी राहू नये ही तिची काळजी खरी असते.

मात्र बालरोगतज्ज्ञ जे सांगतात, तेही नुसते लाड नव्हेत. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. भूकही त्या मानाने उतरते. म्हणून चार घासांनंतर तोंड फिरवणाऱ्या निरोगी लेकराचं पोट बहुधा खरोखरच भरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांतही सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना त्यांच्या भुकेच्या खुणा ओळखून, स्वतः खायला उत्तेजन देत भरवावं, असंच म्हटलं आहे. दाबून भरवलेल्या घासाची लेकराला धास्ती बसते, आणि मग ताट दिसताच रडारड सुरू होते.

या दोघांच्या भांडणात मोबाइल अलगद आत शिरतो. सांडत नाही, पोट भरतं, दोन्ही पक्ष गप्प. पण आपण काय खाल्लं, किती खाल्लं, याचा लेकराला पत्ताच नसतो. तिन्हींत आम्हाला हाच मार्ग सर्वांत वाईट वाटतो.

'भूक लागेल तेव्हा खाईल' हे वाक्य मात्र सगळीकडे चालत नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या प्रकल्पांत कुपोषणाने ग्रासलेल्या मेळघाटातलं धारणी होतं, ते उगाच नव्हे. तीव्र कुपोषणात भूकच मंदावते. म्हणून तर उपचार ठरवताना अशा मुलाची भूक तपासून पाहतात. आजारी किंवा वजन न वाढणाऱ्या लेकरापुढून ताट उचलणं धोक्याचं आहे. तिथे आजीचा धीर, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवणं, हेच औषध.

निरोगी लेकराबाबत आमचा कल मुभेकडे आहे, पण मर्यादेसह. कुस्करणं, चिवडणं, हातून सांडणं चालू द्यावं. मुद्दाम भिरकावणं नाही. वाटीत एका वेळी दोनच चमचे वाढावेत, पातळ वरणाऐवजी घट्ट खिचडी द्यावी, खाली परात ठेवावी, उन्हाळ्यात अंगावर नुसती चड्डी असावी आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. त्यात पाणीही वाचतं. एक चमचा लेकराच्या हातात, एक आपल्या. म्हणजे भरवणंही सुटत नाही. फेकलं तर एकदा 'नाही' म्हणावं, पुन्हा फेकलं तर न रागावता ताट उचलावं. मारू नये, आणि अर्ध्या तासाने बिस्किटाचा पुडाही फोडू नये. एवढ्याने लेकरू उपाशी राहील, असं आजीला वाटेल. वाढीच्या तक्त्यावरची रेषा वर चढत असेल, तर एक जेवण अर्धवट राहिल्याने काही बिघडत नाही.

दीड वर्षाच्या मुलाने फेकलं तर ते कुतूहल की हट्ट, यावर घरात एकमत होणार नाही, आणि तशी घाईही नाही. पण तीन वर्षांचं झाल्यावर ते अंगणवाडीत गरम आहाराला बसेल, तेव्हा सेविका आणि मदतनीस प्रत्येकाला भरवू शकणार नाहीत. तोवर हाताला सवय लागायला हवी. मात्र 'खेळू द्या' म्हणणाऱ्यानेच फरशी पुसावी, अशी अट आजीने घातली, तर ती आम्हाला मान्य आहे.