देवघरातला शिकारी

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण लबाड माणसासाठी योजतो. प्राणिशास्त्राने मात्र ती अक्षरशः खरी ठरविली आहे. या कुळाला शास्त्रात ‘उदरपाद’ असेच नाव आहे. आमच्या आळंदच्या शिवारात पावसाळ्यात हिंडणारी गोगलगाय कोवळ्या पाल्यावर जगते. तिचा एक सागरी भाऊबंद मात्र पक्का मांसाहारी असून, तो कांदालसूणही न शिवणाऱ्या घरांतून अडणीवर विराजमान झालेला आहे. तो म्हणजे पूजेचा शंख.

हा शंख मुख्यत्वे मन्नारच्या आखातातला आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतला. तुतिकोरीनचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या तो काढीत आले. जिवंतपणी तो असा शुभ्र नसतो. अंगावर तपकिरी, मखमली साल असते आणि तोंडाशी शिंगासारखे कठीण झाकण. वाळूत नळी करून राहणारे किडे हे त्याचे भक्ष्य. त्याची अंडी पाहणाऱ्यास ती अंडी वाटणारच नाहीत. मेंढ्याच्या वळलेल्या शिंगासारखी, कप्प्याकप्प्यांची एक पिशवी मादी वाळूत रोवते. तमिळ कोळी तिला ‘शंखाचे फूल’ म्हणतात. फुलाच्या आत मात्र भाऊबंदकी चालते. सबळ पिले दुबळ्यांना खाऊन वाढतात आणि तयार शंख पाठीवर घेऊनच बाहेर पडतात. लाटांबरोबर दूर वाहून जाण्याची अवस्था त्यांना नाही. म्हणून एका ठिकाणचा शंख अतोनात उपसला, तर ती जागा लवकर भरून येत नाही. १९१४ साली जेम्स हॉर्नेल या अधिकाऱ्याने या एकाच प्राण्यावर ग्रंथ लिहिला.

आता ‘दक्षिणावर्ती’विषयी. शंखाची पन्हळ वर धरून तोंड आपल्याकडे केले असता ते डावीकडे उघडते, तो नेहमीचा वामावर्ती. उजवीकडे उघडते, तो दक्षिणावर्ती. (शास्त्रज्ञ शेंडा वर धरतात, म्हणून त्यांचे डावे-उजवे नेमके उलट!) असा उलट वळणाचा शंख लाखांत एखादा निपजतो. मग जत्रेतल्या दुकानात त्यांची रांग कशी लागते?

त्याचे उत्तर अमेरिकेत आहे. मेक्सिकोच्या आखातात व लगतच्या किनाऱ्यावर ‘बुसिकॉन’ नावाची दुसरीच शिकारी गोगलगाय राहते. आपल्या कवचाच्या कडेने ती शिंपले उचकटून खाते, आणि तिच्या जातीचे वळणच मुळी उलटे असते. तेच कवच घासूनपुसून येथे दक्षिणावर्ती म्हणून विकले जाते. पारख सोपी आहे. तोंडातून आत बोट घालून मधला खांब चाचपावा. खऱ्या शंखाच्या खांबावर, मग तो वामावर्ती असो वा दक्षिणावर्ती, तीन-चार ठसठशीत वळ्या लागतात. बुसिकॉनचा खांब गुळगुळीत असतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी पाच पोती तुरीचे मोल देऊन असा शंख घेतला होता. आम्ही बोट घातले. खांब साफ गुळगुळीत. आजोबांनी स्वतः चाचपून पाहिले, देवघरातला जुना शंख आणून त्यातही बोट घातले, आणि क्षणभर थांबून म्हणाले, “गुरुजी, एवढ्या लांबून आलाय, राहू द्या त्याला. पण अडणीवर आमचा जुनाच बसेल.”