दुखणे अंगावर काढू नका, पिशवीही घाईने काढू नका

रात्री झोपेत पोटरीत गोळा आला की माणूस ओरडत उठतो आणि सगळे घर जागे होते. कोणी तेल आणते, कोणी पाय दाबते. त्याच घरात पाळीच्या दिवसांत ओटीपोट धरून भाकऱ्या थापणारी बाई मात्र कोणाला दिसत नाही. तिने सांगितलेच तर "बाईच्या जन्माला हे चालायचेच" असे उत्तर मिळते. आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की आधी सगळ्या हसतात, आणि मग एकेक जण बोलू लागते. मी डॉक्टर नाही, कारकुनी करणारी बाई आहे. पण डॉक्टरांच्या शिबिरांतून जे समजून घेतले आणि जे प्रत्येक घराला माहीत असायला हवे, ते आज मांडत आहे.

पायातला गोळा आणि पोटातली कळ ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी स्नायूच असतो. स्नायू आखडतो आणि लवकर सैल होत नाही, त्याला आपण पेटका, वांब किंवा गोळा म्हणतो. गर्भाशय हीसुद्धा मुठीएवढी स्नायूंची पिशवीच आहे.

पायातले गोळे

दिवसभर उभे राहून काम करणारे, पाट्या वाहणारे, उकिडवे बसून धुणी-फरशी करणारे यांच्या पोटऱ्या रात्री आखडतात. उन्हात किंवा भट्टीजवळ घाम गाळणाऱ्यांच्या अंगातले पाणी आणि मीठ कमी होते, त्यानेही पेटके येतात. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत गोळे येणे नेहमीचेच आहे. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, मधुमेह, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार हीही कारणे असू शकतात.

गोळा आला की पाय चोळण्याआधी तो ताणा. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढा, अर्धा मिनिट धरून ठेवा. उठता येत असेल तर भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पुढे झुका. मग हलके चोळा, गरम फडक्याने शेका. ज्यांना वरचेवर गोळे येतात त्यांनी झोपण्यापूर्वी असाच ताण दोन-तीन वेळा द्यावा. पैसा लागत नाही.

घामाने पेटके आले असतील तर सावलीत बसावे आणि मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करून ठेवा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. रक्तदाबाच्या रोग्यांनी असे पाणी रोजची सवय म्हणून पिऊ नये. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन पेटके थांबतातच असे नाही, म्हणून त्यावर उगाच खर्च करू नका.

मात्र एकच पोटरी सुजली, लाल व गरम झाली आणि दुखणे थांबेना, तर ती चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच रुग्णालय गाठा. चालताना पोटरी दुखते आणि थांबले की बरे वाटते असे रोज होत असेल, तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका असते. बिडी-तंबाखू घेणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

पाळीतली कळ

पाळी येते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या थरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने गर्भाशय आवळते आणि अस्तर बाहेर पडते. द्रव्य जास्त झाले की कळा जोरात येतात, कंबर-मांड्या भरून येतात, कोणाला उलटी-जुलाबही होतात. ही कळ पाळीबरोबर सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. यात कसला विटाळ नाही आणि मुलीचे नाटकही नाही. शाळेत न जाता पडून राहिलेल्या मुलीला बोल लावण्यापेक्षा तिला गरम पाण्याची पिशवी द्या. पिशवी नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळा. ओटीपोट शेकल्याने खरोखर आराम पडतो. झेपेल तेवढे चालणे, हलका व्यायाम यांचाही उपयोग होतो. आंबट-थंड खाल्ल्याने पाळी बिघडते ही निव्वळ समजूत आहे.

शेकून भागत नसेल तर गोळी घेण्यात कमीपणा नाही. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक अॅसिड या गोळ्या ते द्रव्यच कमी करतात, म्हणून कळ सुरू होताच घेतल्या तर जास्त गुण येतो. कळ असह्य होईपर्यंत वाट पाहू नये. त्या जेवणानंतर आणि दोन-तीन दिवसच घ्याव्यात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक अॅसिडबद्दल सूचना काढली होती. क्वचित कोणाला त्याची गंभीर अॅलर्जी होते. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज आली तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जावे. दुकानदार देतो म्हणून महिनोन्महिने खात राहू नये.

आता कोणती कळ साधी नव्हे ते पाहा. दरवर्षी वाढत जाणारी, तिशीनंतर नव्याने सुरू झालेली, पाळी नसतानाही किंवा संबंधाच्या वेळी दुखणारी. तासातासाला पॅड किंवा कापड बदलावे लागणे, सात दिवसांहून जास्त रक्त जाणे. ताप आणि दुर्गंधी येणारे पाणी. यामागे गाठी, एंडोमेट्रिओसिस किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. पाळी चुकली आणि पोटात अचानक जोराची कळ आली, तर नळीतला गर्भ असू शकतो, तिथे एक तासही दवडू नये. रक्त जास्त जात असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पिशवी काढण्याचा सल्ला

बाई वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढते आणि शेवटी डॉक्टरकडे जाते, तेव्हा पुष्कळदा तिला "पिशवी काढून टाका, कटकट जाईल" असे सांगितले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींचे उदाहरण आपल्यासमोर आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळीत दुखले, पांढरे पाणी गेले, तरी फडातच राहायचे. 2019 साली हे प्रकरण गाजले, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. पुढे एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

कर्करोग किंवा औषधाने न आटोपणारा रक्तस्राव असेल तेव्हा ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, तिला घाबरू नये. पण साध्या कळांवर आणि पांढऱ्या पाण्यावर तो इलाज नव्हे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तरुणपणीच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. मग तीच बाई कामाला उभी राहू शकत नाही आणि घर कर्जात जाते.

म्हणून सही किंवा अंगठा देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. आजाराचे नाव काय आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने बरा होणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? कागदपत्रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मिळतील का? सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचे मत घ्यावेच. विचारणाऱ्या बाईवर कोणी रागावले तर ते डॉक्टर बदलावेत.

आणखी एक. आम्हा कारकुनांना नोंदीवाचून चालत नाही, तसे घराघरातही व्हावे. कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण करा, किती दिवस रक्त गेले, किती दुखले, कोणती गोळी घेतली ते शेजारी लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. तीन महिन्यांची ही नोंद डॉक्टरांपुढे ठेवली की "काही नाही, बाईचे दुखणे" असे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही.

आणि बंधूंनो, हे पान बायकांचे म्हणून उलटू नका. त्या दोन दिवसांत पाण्याचा हंडा आणि भाकरीचा तवा तुम्ही उचललात, तर तो औषधाइतकाच उपयोगी पडतो.