गावाला एकत्र बसायला जागा हवी

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे हातमागाचे, कोशाच्या कापडाचे गाव. विणकराचे घर हाच त्याचा कारखाना असतो. माग, सूत आणि संसार एकाच छपराखाली असल्यावर पुस्तक उघडून बसायला कोपरा उरत नाही. म्हणूनच श्रमिकांच्या गावात सार्वजनिक वाचनालय आणि त्याला जोडलेले सभागृह ही चैन नव्हे, गरज आहे.

१९८५ साली संसदेने काही वस्तूंचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. त्या वस्तू यंत्रमागावर निघू लागल्या तर विणकराला आधार या कायद्याचा. परंतु तो कायदा त्याने वाचायचा कोठे आणि चार विणकरांनी मिळून त्यावर बोलायचे कोठे? ज्ञान आणि संघटना यांना एकच छप्पर लागते ते यासाठी.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. लोकांनी संस्था नोंदवून ग्रंथालय चालवावे आणि शासनाने अनुदान द्यावे, ही त्याची रीत. लोकांच्या पुढाकाराला तिने वाव दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या गावात पैसा आणि फुरसत होती तेथील ग्रंथालये वरच्या वर्गात गेली, कष्टकऱ्यांच्या वाट्याला बहुधा ‘ड’ वर्ग आला. २०१२ नंतर नवी मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबल्याने खालचा खालीच राहिला. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजार रुपये होते. २०२२ साली ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ते ४८ हजारांवर गेले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार! या पैशात दार रोज उघडले जाते ते केवळ त्या माणसाच्या निष्ठेमुळे. निष्ठेवर पोसलेल्या व्यवस्थेला लोककल्याण म्हणता येणार नाही.

मोबाइल आल्यावर वाचनालय कशाला, असे विचारले जाते. मोबाइल माणसाला एकटे वाचायला देतो. शेजाऱ्याबरोबर वाद घालायला बाक देत नाही. सभा देवळाच्या मंडपात भरली की कोण पुढे बसणार आणि कोण पायरीशी उभा राहणार, हे जुनी रूढी ठरवते. जातीजातींच्या समाजमंदिरांत जात एकत्र येते, गाव येत नाही. ग्रामसभेत शेतमजूर स्त्रीने निःसंकोच खुर्चीवर बसावे, अशी जागा सार्वजनिक सभागृहच देऊ शकते.

केरळात १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने ग्रंथालयांचा संघ उभा राहिला आणि तेथील खेड्यांतील वाचनालये चर्चेची केंद्रे बनली. पुढे १९८९ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद झाली. मद्रास प्रांताने तर १९४८ सालीच तसा कर बसवला होता. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र असा कर नाही. ग्रंथालयांची भिस्त शासनाच्या अनुदानावर.

तेव्हा मागणी दुहेरी असली पाहिजे: ग्रंथालयांना हक्काचा निधी आणि ग्रंथपालाला जगण्यापुरते वेतन. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तसे ठराव करून घ्यावेत. त्याबरोबरच आठवड्यातील एक संध्याकाळ गावच्या वाचनालयात काढावी, वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि ऐकणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. चळवळीची सुरुवात व्यासपीठावर होत नाही. ती बाकावर होते.