ग्राहकाची वही आणि आपले तगर

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये ग्रीस, रोम, इजिप्त व असीरियाची शिल्पे भारतीय शिल्पांशेजारी मांडली गेली. अनेक सुशिक्षित कुटुंबे मुलाबाळांसह ती पाहून आली. उत्तम झाले. मात्र त्यांपैकी किती जण धाराशिव जिल्ह्यातील तेरला गेले आहेत? संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ. पण त्याच गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाची पायरी चढणारे थोडे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याची नोंद आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील सुती कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाते, असे तो सांगतो. ही जेत्याची बखर नव्हे, ग्राहकाची वही आहे! पूर्वेशी चालणाऱ्या या व्यापारात दरवर्षी कोट्यवधींचे धन जाते म्हणून रोमचा प्लिनी हळहळला, ते अशाच मालापायी.

आमच्या विद्वानांची दृष्टी मात्र उफराटी. तेरच्या मृण्मयी मूर्ती दिसताच त्यांना प्रथम ‘रोमन प्रभाव’ आठवतो. दुहेरी साच्याची कला पश्चिमेकडून आली असेलही. घेण्यात कमीपणा कसला? पण देण्याचा हिशेब कोणी मांडायचा? इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरीत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय घडणीची आहे, आणि तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली आहे. नेपल्सच्या संग्रहालयातील मूर्तीची छायाचित्रे जगभर छापली जातात. तिची तेरची बहीण आपल्या शेजाऱ्यालाही ठाऊक नाही! सिकंदराच्या स्वारीची तारीख तोंडपाठ असलेल्या आमच्या विद्यार्थ्याला तगर कोठे होते हे विचारून पाहावे. विदिशेला गरुडस्तंभ उभारून स्वतःला ‘भागवत’ म्हणवणारा यवन राजदूत हेलिओडोरस तरी त्याला कितपत ठाऊक असतो?

दोष केवळ पाठ्यपुस्तकांचा नाही. गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांची माती आपणच खणून नेतो. तिच्यातील खापरे आणि मणी मातीमोल ठरतात. तेरला हे धन टिकले ते लामतुरे यांनी हजारो वस्तू जमवून जपल्या म्हणून. ते कोणी पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हते, आपल्यासारखेच गावचे रहिवासी होते. त्यांच्या संग्रहातूनच आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

जवळच त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होते, असे अनेक अभ्यासक मानतात. तो वाद तज्ज्ञांनी घालावा. भिंत मात्र आपलीच आहे. तुळजापूरला भवानीच्या दर्शनास निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने तेरसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी.