आंधळ्या मांजरीचे बिऱ्हाड

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवूनही माढ्यातील एक आजी दोनदा गेल्या नाहीत. खोदून विचारले, तेव्हा कारण कळले: घरची चौदा वर्षांची मांजर आंधळी झाली होती, तिच्याकडे कोण पाहणार?

मी माणसांचा डॉक्टर. तरी एवढे ठाऊक आहे, की म्हाताऱ्या मांजरीची दृष्टी एकाएकी गेली, तर केवळ वयावर बोट ठेवू नये. मूत्रपिंडाच्या विकाराने रक्तदाब चढून डोळ्यातील पडदा सुटू शकतो. तत्काळ पशुवैद्यकांकडे न्यावे. आपल्या डब्यातील पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊ नये. एक गोळीही तिच्या जिवावर बेतू शकते.

आंधळी मांजर मिशा, कान आणि नाक यांवर घर ओळखते. म्हणून पाण्याची वाटी, मातीचे घमेले, खाट जागची हलवू नये. दुसऱ्या घरी ठेवायचेच झाले, तर प्रथम एकाच खोलीत ठेवावे, तिची न धुतलेली गोधडी सोबत द्यावी. कंटाळून बाजारात सोडून देणे हा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. शुश्रूषा करणाऱ्यांनी रुग्णाच्या औषधांबरोबरच घरातील मुक्या जिवाची सोयही आधी विचारावी. मीही ती पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती.

अखेर गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकेने मांजर ठेवून घेतली. शस्त्रक्रियेला निघताना आजींनी त्यांना बजावले, “बाई, जवळ जाण्याआधी हाक मारा हो, नाहीतर दचकते ती.”