इंजिनिअर झाली, पुढं काय?

मुलींनी इंजिनिअर व्हावं की नाही, हा वाद आता मागं पडला आहे. ए. ललिता १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विद्युत अभियंता झाल्या. १९९१ मध्ये पुण्यात खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. २०२४ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. पण बी.ई. झालेली मुलगी एम.टेक. करते म्हणाली, की घरात प्रश्न येतो, ‘अजून दोन वर्षं? मग लग्न कधी?’ मुलाची दोन वर्षं ही गुंतवणूक, मुलीची तीच दोन वर्षं म्हणजे उशीर.

‘हिंमत धर’ एवढं सांगून हे सुटणार नाही. तिच्या हातात पैसे आणि कामाची ओळख हवी. म्हणून मला वाटतं, कारखान्यातली उमेदवारी आणि संशोधन एकमेकांना जोडावं. पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतर मुलीनं काही महिने विद्यावेतनावर कारखान्यात काम करावं. तिथं दिसलेला प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत यावं आणि त्यावरच एम.टेक.चा प्रबंध लिहावा. मार्गदर्शक दोन : एक कॉलेजातला, एक कारखान्यातला. ही कल्पना हवेतली नाही. २०१२ मध्ये पीएच.डी.साठी सुरू झालेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीत निम्मा वाटा उद्योगानं उचलायचा, असंच ठरलं होतं.

यात आपल्या चळवळीचाही स्वार्थ आहे. इचलकरंजीच्या मागांचा कानठळ्या बसवणारा आवाज कमी कसा करायचा? पुरुषाच्या उंचीच्या मापानं बसवलेल्या यंत्रावर बाईची पाठ का धरते? हे अभियांत्रिकीचेच प्रश्न आहेत. ते विचारणारी बाई संशोधनात असेल, तरच ते विषयांच्या यादीत येतील.

मात्र उमेदवारीच्या नावाखाली फुकटची राबणूक नको. विद्यावेतन ठरलेलं हवं. राहायला वसतिगृह, येण्याजाण्याला गाडी आणि कारखान्यात बायकांचं संडास-बाथरूम हवं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारीही येते. हे तिला पहिल्याच दिवशी लेखी सांगितलं पाहिजे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. करणारीला २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा देता येते, एम.टेक.लाही ती हवी. आणि संशोधन कंपनीच्या कपाटात बंद होता कामा नये. प्रबंध तिच्या नावानं छापला गेला पाहिजे.

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या कॉलेजात आणि एम.आय.डी.सी.त जाऊन एवढं तरी विचारू या : उमेदवारीला मुली किती घेता, त्यांना पैसे किती देता, आणि तक्रार समितीत कोण आहे? उत्तरं लिहून घेऊ या. पुढच्या मागण्या त्यांतूनच ठरतील.